दोघांच्या आवडीचा गेम

माझ्या टीव्हीखालच्या कप्प्यात गेमची दोन मशिनं आहेत, एक पांढरं आणि एक काळं. दोन्हींच्या कंपन्या वेगळ्या. एकाचा गेम दुसऱ्यात चालत नाही, आणि एकावर खेळणाऱ्याला दुसऱ्यावरच्या माणसाशी बहुतेक वेळा खेळताही येत नाही. एकाच घरात चुली वेगळ्या मांडलेल्या जावांसारखं त्यांचं आहे. ही माहिती मी कुणी विचारलेली नसताना गल्लीत बऱ्याच जणींना दिली आहे, आणि निवृत्त झाल्यावर बाईंचं डोकं जरा सरकलं असा निष्कर्ष काहींनी काढलेला मला माहीत आहे. काढू द्या. शाळेत असताना तरी माझ्याबद्दल कुणाचं फार बरं मत होतं असं नाही.

मी हसनाबादच्या शाळेत शिकवायचे. मी राहते त्या मस्तगडातून सकाळी निघायचं, एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं, यात नोकरी संपली. नवरा माझ्या निवृत्तीच्या आधीच गेला. एकुलता मुलगा बंगळूरला नोकरीला लागला. निवृत्तीनंतर सुरुवातीला मी घर आवरत बसले. पण आवरलेलं घर पुन्हा आवरायचं तर कुणीतरी पसारा करावा लागतो, आणि पसारा करणारं घरात कुणी उरलं नव्हतं. दुपारी तर मला त्या नीटनेटक्या घराचा राग यायचा.

पांढरं मशीन मुलाचं, कॉलेजातलं. जाताना तो ते इथंच ठेवून गेला होता आणि मी त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला होता. एका दुपारी मालिकेतल्या बाईची स्मृती दुसऱ्यांदा गेली, तेव्हा मी वैतागून रुमाल काढला आणि मशीन लावलं. आधी नुसतं काय काय आहे ते पाहिलं. रंगीत गाड्यांची शर्यत, टेनिस, नाच, कोडी, शेती, आणि एक मारामारीचा, ज्यात मार खाल्लेला माणूस रक्त न सांडता गरगर फिरून पडतो. सगळं भडक, गुबगुबीत आणि हसरं. कुणी मेलं तरी बाजूला बँड वाजतो.

शिकवायची खोड जात नाही. कुठल्या माणसाला कुठला गेम आवडतो, हे मी पाहायला लागले. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण अजून सासूच्या समोर खाली मान घालून बोलते. तिला मी हौसेनं नाचाचा गेम लावून दिला, तर तिनं नाक मुरडलं. मारामारीचा लावला आणि बाईनं मांडी ठोकून रिमोट हातात घेतला. "बाई, त्यो लाल चड्डीवाला मला ठेवा," असं ती आल्या आल्या बजावायची, आणि माझ्या माणसाला कोपऱ्यात घेऊन असा तुडवायची की मला तिच्या सासूची काळजी वाटायला लागली. माझ्याबरोबर निवृत्त झालेली एक मैत्रीण यायची, तिला कोड्यांशिवाय काही चालायचं नाही. बाकी सगळं पोरखेळ, असं म्हणायची आणि कोडं सुटेपर्यंत चहा थंड करायची. माणूस घरात जे करू शकत नाही ते तो गेममध्ये करतो, असा एक सिद्धांत मी तेव्हा मांडला होता.

मला स्वतःला शेती आवडली. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, त्यामुळे या शेतीतला खोटेपणा मला पहिल्याच दिवशी कळला. इथं पेरलं की उगवतंच. तणाला लाज आहे, विळा दाखवला की ते जातं. शेजारचा बांध कोरत नाही, उलट येता-जाता भेटवस्तू देतो. गावातली सगळी माणसं तुमची विचारपूस करतात, तुमचा वाढदिवस लक्षात ठेवतात, आणि चार दिवस दिसला नाहीत तर कुठं होता म्हणून विचारतात. हे सगळं खोटं आहे हे बिलकुल माहीत असून मी रोज दुपारी त्या गावात जायचे.

आता मुलाबद्दल सांगते. त्याचा फोन रविवारी यायचा. जेवली का, गोळी घेतली का, नळ आला का. मीही जेवला का, कपडे धुतले का. एवढं झालं की दोघांचाही शब्दांचा साठा संपायचा. त्याचं काम मला समजत नाही आणि माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही घडत नाही. एका रविवारी सहज म्हणून मी त्याला लाल चड्डीवाल्याची गोष्ट सांगितली. तो हसला. मग त्यानं विचारलं, शेतीत तू काय लावलंस, अमक्या माणसाला मासा नेऊन दिला का, त्या डोंगरापलीकडं गेली का. त्या दिवशी आम्ही कुकरच्या शिट्ट्या विसरून बोललो. भात करपला. मला तो करपलेला भातसुद्धा गोड लागला, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला एकच लागलं, की आठवड्यातून एकदा तरी या पोराशी बसून खेळायचं.

पण तो आता काळ्यावर खेळायचा. पांढरं लहान मुलांचं आणि कुटुंबांचं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मग मी कोण आहे, तर म्हणाला तू कुटुंब आहेस, मी नाही. गंमतीनं म्हणाला, पण मला ते लागलं. दिवाळीला आला तेव्हा त्याचं जुनं काळं मशीन घेऊन आला, कारण त्यानं नवीन घेतलं होतं. माझं खातं काढून दिलं, कानाला लावायचा माइक दिला, आणि त्या डब्यात स्वतःच्या आवडीचे सगळे गेम भरून ठेवून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेला.

काळ्याची दुनिया वेगळी. तिथं रंगच कमी. लढाया, फुटबॉल, भुतं, पडकी शहरं, आणि दाढी वाढलेली दुःखी माणसं, जी कुणाला तरी हरवून बसलेली असतात आणि मग तासन्‌तास पावसात चालतात. चित्र इतकं खरं की चेहऱ्यावरची छिद्रं दिसतात. शेतीचा गेम इथंही आहे, पण त्यात गाव नाही. मोठाले ट्रॅक्टर आहेत, त्यांच्या इंजिनाचे आवाज बराबर खऱ्यासारखे आहेत, नजर पोचेल तिथवर रान आहे, आणि रानात माणूस नाही. शेजारणीला मी काळं दाखवलं तर ती म्हणाली, "बाई, ह्यात दोघी बसून काय करायचं? एक खेळून राह्यली तर दुसरीनं भिंत पाहायची का?" ती पुन्हा पांढऱ्याकडं गेली. तिचं खरं होतं. पांढऱ्याचे गेम एका खोलीत बसणाऱ्या माणसांसाठी केलेत, आणि काळ्याचे आपापल्या खोलीत बसणाऱ्यांसाठी. मुलाला हे सांगितलं तर त्याला पटलं नाही. काळ्यावर त्याचे कितीतरी मित्र आहेत, म्हणाला. एकाच खोलीत बसलेले किती, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही.

आता आम्ही दोघं एकाच जातीच्या मशीनवर आलो होतो, पण दोघांच्या आवडीचा गेम सापडेना. त्याला लढाई हवी. मला बंदूक हातात धरवत नाही, धरली तर माझा माणूस आकाशाकडं बघतो. फुटबॉलमध्ये मी दोन्ही संघांतल्या सगळ्यांना सारखाच बॉल द्यायचे, कारण वर्गात तशी सवय. शर्यतीत मी वळणावर हळू करायचे आणि तो कधीच पुढं निघून गेलेला असायचा. माझी शेती त्याला झोप आणायची. शेवटी त्यानं कुठून तरी एक गेम काढला, दोघांनी मिळूनच खेळायचा. एकानं फळी धरायची, दुसऱ्यानं त्यावरून पलीकडं जायचं, मग पलीकडच्यानं दोर टाकायचा. एकट्यानं तो पुढं सरकतच नाही. इतक्या गेमांच्या ढिगात तसला गेम एखादाच असतो, हे मला नंतर कळलं.

ते रविवार मी कधी विसरणार नाही. "आई, उडी मार," तो कानात म्हणायचा. मी खड्ड्यात पडायचे. तो न चिडता परत फळी धरायचा. त्या गेममध्ये थांबा म्हणायची सोय नव्हती, आणि आमच्याकडं नळ कधी येईल याचा भरवसा नाही. तेव्हा बऱ्याचदा पाणी आलं की मी माझ्या माणसाला तसंच फळीवर उभं सोडून बादल्या भरायला पळायचे. परत येऊन माइक लावला की मुलगा तिकडं फळी धरून गुणगुणत असायचा. भरलं का, एवढंच विचारायचा. आणि हात गुंतलेले असले की माणूस बोलतो. साहेब त्याला सगळ्यांसमोर बोलतो, त्याला कधीकधी झोप लागत नाही, एक मुलगी आवडली होती तिचं दुसरीकडं ठरलं, हे सगळं त्यानं मला फळी धरून सांगितलं. समोर बसवून विचारलं असतं तर एक शब्द बोलला नसता. मी इतकी सुखात होते की मला भीती वाटायची.

तो गेम संपला. गेम संपतात हे मला माहीत नव्हतं, शेती संपत नाही ना. शेवटी दोघं डोंगरावर पोचतात, सूर्य उगवतो आणि नावं यायला लागतात. तो म्हणाला, भारी खेळली तू. मी म्हणाले, आता पुढचा कोणता? त्यानं शोधला. एक मिळाला, तो भुतांचा. एकात माणसाचे तुकडे होत होते, तो मी बंद करायला लावला. एक माझ्या आवडीचा निघाला, त्यात तो जांभया द्यायला लागला. मग एका रविवारी त्याला काम निघालं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पण.

आता आमच्या गल्लीतली एक रीत सांगायला हवी. इथं दार सताड उघडं असलं की आत जायचं, विचारायचं नाही. अर्धं लोटलेलं असलं की माणूस जेवत असेल किंवा पडला असेल, बाहेरून हाक द्यायची. कडी असली की मागं फिरायचं. माहेरीही हेच, लहानपणापासून मी यापेक्षा वेगळं काही पाहिलेलं नाही.

काळ्या मशीनमध्ये मित्रांची यादी असते. माझ्या यादीत एकच नाव. तो खेळत असला की नावापुढं हिरवा ठिपका येतो आणि काय खेळतोय तेही खाली दिसतं. एका बुधवारी दिवेलागणीला मी मशीन लावलं तर ठिपका हिरवा, खाली लढाईचा गेम. नावावर बटन दाबलं, तर सामील होता येईल असं आलं. तो गेम त्यानं दिवाळीतच माझ्या डब्यात भरलेला होता. दार उघडं दिसलं, मी गेले.

आत धूर आणि गोळ्या. चार-पाच पोरं हिंदी-इंग्रजीत ओरडत होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मुलाचा. इकडं ये, तिकडं जा, त्याला कव्हर कर. खदखदून हसत होता. असा आवाज त्यानं माझ्या घरात कधी काढल्याचं मला आठवत नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते, बंदूक आकाशाकडं करून. काय बोलावं सुचेना, म्हणून मी नेहमीचंच बोलले.

"जेवला का रे?"

 एकानं विचारलं, "भाई, ये कौन है?" मग मुलाचा हळू आवाज आला, आई, तू आत कशी आली? दार उघडं दिसलं, म्हणाले मी. पोरं चांगल्या घरातली होती. नमस्ते आंटी म्हणाली. एक तर काळजीनं म्हणाला, "आंटी, नीचे बैठ जाइए." मी खाली कसं बसायचं ते बटन शोधतच होते, तेवढ्यात कुणीतरी मला गोळी घातली, आणि मला वाचवायला धावलेल्या माझ्या मुलालाही.

नंतर त्याचा फोन आला. रागावला नव्हता. असं मधेच येत नसतात आई, आधी विचारायचं असतं, असं समजावून सांगितलं. तुझ्याकडं यायला मी विचारू का, असं मी म्हणाले. इथं तसंच असतं, तो म्हणाला. मी बरं म्हणाले. नंतर मी कणीक मळली, पोळ्या लाटल्या आणि एकही खाल्ली नाही.

त्यानंतर मी त्याच्या दारात गेले नाही, पण दार दिसत राहिलं. मी माझी शेतीही पांढऱ्यावरून काळ्यावर आणली. ती भेटवस्तू देणारी माणसं सोडून या ओसाड रानात आले, कारण इथं यादीत त्याचं नाव होतं. रविवारी त्याचा मेसेज यायचा, आज मीटिंग आहे. आणि ठिपका हिरवा असायचा. खाली लढाईचा गेम. मी त्याला काही बोलले नाही. त्यानं दिवसभर साहेबाचं ऐकून घ्यायचं आणि सुट्टीच्या दिवशी आईला फळी धरायची, असं मी तरी कुठल्या तोंडानं म्हणावं? पण वाईट वाटायचं, खूप वाटायचं. मेसेजमध्ये नुसतं आज नको असं लिहिलं असतं तर चाललं असतं.

मग वाटलं, माझा ठिपकाही त्याला दिसत असेल. आई एकटी बसली आहे हे दिसत असेल आणि ते त्याला खेळताना टोचत असेल, म्हणून तो मीटिंगचं सांगतो. मी सगळ्या सेटिंग उलथ्यापालथ्या करून आपण असूनही नसल्यासारखं दिसायची सोय शोधली. ती लावली. त्याला मोकळं वाटावं म्हणून लावली, आणि खरं सांगते, रागानंही लावली. तुझ्या घरी मला विचारून यायचं तर माझं दार तरी तुला उघडं का दिसावं? मग मी कुणाला न दिसता नांगरत बसले.

काही दिवसांनी सकाळी सकाळी फोन आला. आठवड्यात मधेच तो कधी करत नाही.

"आई, तू कुठं गेल्ती? बरी आहे ना?"

घरीच आहे, मला काय झालंय, मी म्हणाले.  शेजारणीलाही फोन लावला म्हणाला, तिनं उचलला नाही.

"दिसून न्हाई राह्यली तू."

तुला काय करायचं माझ्या दिसण्याचं, असं मी जरा तोडूनच विचारलं. 

"रोज पाहतो ना मी, आई. संध्याकाळी तुझं हिरवं दिसलं, खाली शेतीचा गेम दिसला, की कळतं तू बराबर आहे. मंग फोन करायची पण गरज न्हाई पडत."

इतक्या मायेनं बोलला की मला पहिल्यांदा फक्त मायाच ऐकू आली. शेवटचं वाक्य फोन ठेवल्यावर ऐकू आलं.

मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे, बघते, असं मी त्याला सांगितलं होतं. ते मी बघितलं नाही. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशीही आला. पुढं रोज यायला लागला. सुरुवातीला तेच जेवली का, गोळी घेतली का, पण रोज बोललं की काल काय झालं ते दोघांनाही माहीत असतं, आणि तिथून पुढं बोलता येतं. त्याचा साहेब बदलला होता. पोरानं घरी वरण केलं, ते पातळ झालं. मी त्याला शेजारणीनं सासूला पहिल्यांदा उलट उत्तर दिल्याचं सांगितलं, तो पोट धरून हसला. दुपारपासून मी संध्याकाळची वाट पाहायचे. मशीन लावायचंही मी सोडून दिलं.

मग एका संध्याकाळी तो बोलता बोलता थांबला. आवाज ओढलेला होता. बिघाड निघाला का, त्यानं विचारलं. न्हाई रे अजून, मी म्हणाले.

"लवकर काढ ना. तुझं दिसलं न्हाई की मला झोप लागत न्हाई. फोनवर तू सगळं ठीकच म्हणती."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मशीन लावलं आणि ती सेटिंग काढून टाकली. यादीत त्याचं नाव हिरवं होतं, खाली लढाईचा गेम. माझ्या नावापुढं काय आलं ते मला दिसत नाही, ते फक्त त्याला दिसतं. मी ट्रॅक्टर काढला आणि त्या मोकळ्या रानात या टोकापासून त्या टोकापर्यंत मका पेरला. फोन बाजूला ठेवला होता, आवाज मोठा करून.

तो वाजला नाही, म्हणजे त्यानं पाहिलं होतं.